हागुरोच्या २४४६ पायऱ्या: दर्शन कसं घ्यायचं, फोटो कधी काढायचे

टोकियोत राहणाऱ्या ओळखीच्या मराठी मंडळींपैकी दरवर्षी दोघं-तिघं तरी हागुरो डोंगरावर जाऊन येतात आणि मला फोटो पाठवतात. फोटो बहुतेक सारखेच. भर दुपारचा पॅगोडा, त्यामागे पांढरंफटक आकाश, आणि पायऱ्यांचा एक फोटो, ज्यात चढ दिसतच नाही. सोबत ठरलेली ओळ: "प्रत्यक्षात फार भारी होतं गं, फोटोत आलंच नाही." खोदून विचारलं की कळतं, बसने थेट माथा गाठला, तिथून पायऱ्या उतरत आले आणि पॅगोड्यापाशी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. म्हणजे सगळाच क्रम उलटा. मीही पहिल्या खेपेला अगदी हेच केलं होतं, म्हणून चीड न आणता क्रमाने लिहिते.

## १. आधी डोंगर ठरवा, मग महिना

यामागाता प्रांतात त्सुरुओका शहराजवळ तीन पवित्र डोंगर आहेत. तिघांना मिळून देवा सानझान म्हणतात. आपल्या "देवा"शी याचा संबंध नाही, देवा हे त्या भागाचं जुनं नाव. पण मराठी माणसाला पाठ करावं लागत नाही एवढं खरं. हागुरो ४१४ मीटरचा, गास्सान १९८४ मीटरचा, आणि तिसरा युदोनो. परंपरेने यात्रा हागुरोपासून सुरू होते, गास्सानवरून जाते आणि युदोनोला संपते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने हागुरो धरावा. तो बाराही महिने गाठता येतो, आणि कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त मोकळीक तिथेच आहे. गास्सानचं देऊळ माथ्यावर आहे आणि ते साधारण जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघडं असतं. बाकी वेळ बर्फ. युदोनोच्या मुख्य जागी कॅमेरा चालतच नाही. त्याबद्दल आठव्या टप्प्यात सविस्तर.

महिना निवडताना लोक निरभ्र आकाश शोधतात. इथे तीच पहिली चूक. हागुरोच्या वाटेवर सुगीची शेकडो जुनी झाडं आहेत. (सुगी हे झाडाचं नाव, देवदारासारखं सरळसोट उंच वाढणारं. पीककापणीच्या सुगीशी गल्लत नको.) लख्ख उन्हात या रानात जमिनीवर पांढरे कवडसे पडतात आणि बाकी सगळं काळं दिसतं. डोळा ते सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. ढगाळ हवा, रिमझिम, पावसानंतरचं धुकं, हे इथले चांगले दिवस. जूनच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत जपानच्या या भागात पावसाळा असतो. आपल्या कोकणातल्यासारखा कोसळत नाही, बराचसा भुरभुरतो. माझं मत विचाराल तर जूनचा शेवट. शेवाळ हिरवंगार, गर्दी कमी.

हिवाळ्यात सुंदर दिसतं, पण पायऱ्या बर्फाखाली असतात. तेव्हा पॅगोड्यापर्यंत जाऊन परत फिरायचं, तेही बर्फाचे बूट असतील तर.

टाळा: एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या जोडसुट्ट्या आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन, म्हणजे पूर्वजांचा सण. फोटोत माणसांची रांग येईल.

## २. जाणं आणि मुक्काम

टोकियोहून शिनकान्सेन या वेगवान गाडीने निगाता, साधारण दोन तास. तिथे इनाहो ही गाडी पकडून त्सुरुओका, आणखी पावणेदोन-दोन तास. इनाहोत जाताना डावीकडची खिडकी घ्या, समुद्र त्या बाजूला आहे. हिवाळ्यात याच समुद्रावरच्या वाऱ्यामुळे ही गाडी उशिरा धावते, कधी रद्दही होते. तेव्हा परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका. विमानाने यायचं तर हानेदाहून शोनाई विमानतळ तासाभराचा.

त्सुरुओका स्टेशनवरून हागुरोची बस मिळते. झुइशिनमोन, म्हणजे जिथून पायऱ्या सुरू होतात त्या दाराच्या थांब्यावर उतरायचं, सुमारे चाळीस मिनिटं. बसमध्ये चढताना यंत्रातून चिठ्ठी येते ती घ्या. त्यावरच्या आकड्याप्रमाणे पुढच्या फलकावर भाडं दिसतं, उतरताना द्यायचं. नोटा मोडून सुटे जवळ ठेवा. बसेस मोजक्या आहेत. स्टेशनवरच वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, दोन्ही दिशांचा.

आता महत्त्वाचं. एका दिवसात टोकियोहून जाऊन परत यायचा बेत करू नका. होतं, पण मग पोचता ते दुपारी, म्हणजे नेमक्या नको त्या वेळी. पायथ्याला तोगे नावाचं गाव आहे, यात्रेकरूंच्या धर्मशाळांचं. त्यांना शुकुबो म्हणतात. अनेक घरांच्या दर्शनी भागावर गवताचा जाडजूड दोर टांगलेला दिसेल. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उत्सवातला तो दोर वर्षभर घराचं रक्षण करतो अशी श्रद्धा आहे. अशा एका शुकुबोत रात्र काढली की पहाटे झुइशिनमोनपर्यंत चालत जाता येतं.

शुकुबोत जेवण लवकर असतं, संध्याकाळी सहाच्या सुमारास. जेवणाची वेळ हुकवू नका, तिथे नंतर काही मिळत नाही. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच लेखी कळवा, आणि "मांस-मासे नको" एवढंच लिहून थांबू नका. जपानी सूप आणि भाज्यांच्या रसाचा पाया बहुतेक वेळा सुक्या माशाचा असतो. त्याला दाशी म्हणतात. "माशाची दाशीही नको, कोंबू चालेल" असं लिहा. कोंबू ही समुद्री वनस्पती. जागेवर पोचल्यावर सांगून उपयोग नाही, स्वयंपाक सकाळीच सुरू झालेला असतो.

तपासा: पहाटे बाहेर पडणार हे आदल्या रात्री घरमालकिणीला सांगितलं का? दार कोणतं उघडायचं, नाश्त्याला किती वाजता परतायचं, दोन्ही विचारून घ्या.

## ३. पिशवी

कमी न्या. गिरनार चढून आलेल्यांना २४४६ पायऱ्या म्हणजे काहीच नाही वाटेल. पण इथल्या पायऱ्या दगडी, बुटक्या, मधेच उंच, आणि काही इतक्या अरुंद की पाऊल आडवं टाकावं लागतं. ओल्या झाल्या की शेवाळ. पाठीवर आठ किलो घेऊन हे करायला मजा येत नाही.

- बूट खोल खाचांचे. गुळगुळीत तळाचे पांढरे शूज घालून आलेल्या माणसाला मी दुसऱ्या चढावर चक्क बसून उतरताना पाहिलंय.
- एकच लेन्स न्यायची तर २४ ते ७० किंवा २४ ते १०५ मिलिमीटरची. दोन न्यायच्या तर दुसरी ३५ किंवा ५० ची, मोठ्या छिद्राची, कारण रानात उजेड कमी. अतिरुंद लेन्स घरी ठेवा. तिच्यात झाडं काडीसारखी होतात.
- पोलरायझर फिल्टर. आकाशासाठी नको आहे. ओल्या पानांवरची आणि दगडांवरची पांढरी चमक तो काढतो आणि खालचा हिरवा रंग वर येतो. बदल्यात दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड खातो हे लक्षात ठेवा.
- लेन्स पुसायची तीन-चार फडकी, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. एक फडकं अर्ध्या तासात ओलं होतं.
- पाणी, सुटे पैसे, छोटी घंटा. या भागात अस्वलांचा वावर आहे; पहाटे एकटं चालताना घंटा पिशवीला बांधा.
- छत्रीपेक्षा रेनकोट. एका हातात छत्री आणि दुसऱ्यात कॅमेरा धरला तर कठडा कशाने धरणार?

तिवई नेऊ नका असं मी म्हणेन. पायऱ्या अरुंद आहेत, तिवईचे तीन पाय पसरले की वाट अडते, आणि देवळाच्या आवारात तिवईला बहुधा मज्जावच असतो. धबधब्यासाठी हवीच वाटली तर हातभर उंचीची, पिशवीत मावणारी. ड्रोनचा विचार सोडून द्या. १०० ग्रॅम आणि त्याहून जड ड्रोनची जपानात नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणी असली तरी देवळावर उडवायला ती परवानगी होत नाही.

फक्त मोबाईल असेल तरी चालेल. पुढच्या टप्प्यांत मोबाईलसाठीही लिहिलंय.

## ४. वेळ

जपानमध्ये उजाडतं फार लवकर. जूनमध्ये इथे सव्वाचारच्या सुमारास सूर्योदय. डिसेंबरअखेर सात वाजून जातात आणि साडेचारला सूर्य मावळतोही.

तोगे गाव आणि पायऱ्यांची सुरुवात डोंगराच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे सकाळी सूर्य बराच वेळ डोंगराच्या आड असतो आणि दरीत सगळीकडे सारखा, मऊ उजेड राहतो. हा उजेड हवा. जूनमध्ये पावणेपाचला दारात असलात तर पॅगोड्यापाशी दोन तास निवांत मिळतात, बहुतेक वेळा एकट्याला. नाश्त्याला परत यायचं आणि मग पुन्हा जाऊन पूर्ण चढायचं. दोनदा तीच वाट? हो. पहिली फेरी फोटोंसाठी, दुसरी चढण्यासाठी. दोन्ही एकाच फेरीत करायला गेलं की घाई होते.

नुसतं चढायला तासभर लागतो. कॅमेऱ्यासह तीन तास धरा.

सावध: एसीने गार झालेल्या खोलीतून कॅमेरा एकदम दमट रानात नेला की थंड लेन्सवर बाष्प बसतं. एकदा माझी पहाटेची पहिली पंचवीस मिनिटं लेन्स पुसण्यात गेली, आणि धुकं तेवढ्यात उठलं. रात्री कॅमेरा पिशवीत बंद करून एसीपासून दूर, दाराजवळ, बाहेरच्या हवेइतक्याच तापमानाच्या जागी ठेवा.

## ५. दार: आधी नमस्कार

झुइशिनमोन म्हणजे देवळाचं लाल दार. त्याच्या पलीकडे सगळी देवाची हद्द. इथला क्रम असा:

1. दाराआधी थांबून टोपी काढा, एकदा कमरेत वाका. कॅमेरा गळ्यात असू दे, हातात नको.
2. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. हे आपल्याला आजीने शिकवलेलंच आहे.
3. वाटेचा मध्य देवाचा मानतात. कडेने चाला. फोटोसाठी मधोमध उभं राहावं लागलं तर काढा आणि लगेच बाजूला व्हा.
4. पाण्याची जागा दिसली की हात धुवा: पळी उजव्या हातात घेऊन आधी डावा हात, मग पळी बदलून उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, पुन्हा डावा हात, शेवटी पळी उभी धरून तिचा दांडा. पळीला तोंड लावायचं नाही. पळ्या ठेवलेल्या नसतील तर वाहत्या धारेखाली हात धरा.

दाराचा फोटो सगळे बाहेरून, समोरून काढतात. आत पाच-सहा पावलं जाऊन मागे वळा आणि दाराच्या चौकटीतून गावाकडचा उजेड बघा. पुढे जाऊन पुन्हा वळलात तर दार वर दिसेल, कारण इथून पायऱ्या *खाली* उतरतात. डोंगर चढायला आलेला माणूस आधी दरीत उतरतो. बसने माथ्यावर जाणाऱ्यांचं हे उतरणंच हुकतं.

## ६. दरी: पूल, धबधबा, आजोबा, पॅगोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

खाली हाराइगावा नदी आणि तिच्यावरचा लाल पूल. उजवीकडे सुगा धबधबा. धबधब्याचं पाणी रेशमासारखं यावं म्हणून लोक पाच-दहा सेकंदांचं एक्सपोजर देतात आणि पाण्याचा कापूस होतो. पाव ते एक सेकंद पुरे. धारा दिसल्या पाहिजेत. पुलाचा कठडा टेकायला वापरू नका, मागून येणाऱ्यांच्या पावलांनी पूल हलतो.

पुढे डाव्या अंगाला जिजी-सुगी, म्हणजे सुगी आजोबा. हजार वर्षांहून जुनं झाड म्हणतात. बुंध्याला गवताचा पवित्र दोर बांधलेला, त्याला पांढऱ्या कागदाच्या घड्या लटकलेल्या. शेजारी आजीही होती, १९०२ च्या वादळात पडली. अख्खं झाड फ्रेममध्ये बसवायच्या नादी लागू नका. दोर, साल आणि कागद एवढंच घ्या, जवळून. दोर ओलांडून बुंध्याला हात लावायला जाऊ नका, मुळांवरही उभं राहू नका. देवराईत आपण जसे वागतो, किंवा वागायला हवं, तसंच.

आणि मग पॅगोडा. पाच मजले, २९ मीटर, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेला. रंग नाही, छप्पर लाकडाच्या पातळ पट्ट्यांचं, सगळं लाकूड पावसाने करडं झालेलं. आजूबाजूची झाडं त्याच्याहून उंच, त्यामुळे पहिल्यांदा तो दिसतो तेव्हा झाडांमधलंच एखादं झाड वाटतो. हेच फोटोत आणायचं आहे.

कुठे उभं राहायचं. जवळ जाऊन कॅमेरा वर केला की पॅगोडा मागे कलंडतो. उलट मागे सरका. वाटेवर जितकं मागे जाता येईल तितकं जा, दोन बुंधे पुढे घ्या, ३५ ते ५० मिलिमीटर वापरा आणि कॅमेरा सरळ, जमिनीला समांतर धरा. मोबाईल असेल तर अतिरुंद लेन्स नको. साधी किंवा दुप्पट झूमची वापरा.

आकाश नको. झाडांच्या शेंड्यांमधून आकाशाचा जो तुकडा दिसतो तो फोटोत पांढरा डाग होतो आणि नजर तिथेच जाते. वरचा मजला थोडा कापला गेला तरी चालेल, डाग नको.

उजेड. कॅमेऱ्याला काळोखं रान दिसलं की तो ते उजळवतो आणि पहाट दुपारसारखी दिसते. एक्सपोजरची भरपाई उणे ०.७ ते उणे १ द्या. दाट धुकं असेल तर उलट: धुकं करडं पडतं, अधिक ०.७ द्या. मोबाईलवर बुंध्यावर बोट दाबून धरा, कुलूप लागलं की खाली ओढा. रात्रीचा मोड आपोआप सुरू झाला असेल तर बंद करा, तो सावल्या पुसून टाकतो.

रंग. व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवला तर कॅमेरा हिरवट निळसर छटा काढायला बघतो, आणि पहाट तर त्या छटेतच असते. "दिवसाचा प्रकाश" निवडा, तेवढ्यावर सोडून द्या.

सुरुवात म्हणून एफ/४, १/६० सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००. आयएसओ वाढवल्याने फोटोत येणाऱ्या दाण्यांची भीती बाळगू नका. हललेला फोटो वाया जातो, दाणेदार फोटो छापतासुद्धा येतो.

धुकं आलं तर जागा बदलू नका. ते मिनिटा-मिनिटाला हलतं. एका चौकटीवर थांबून दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो काढा. वीसातला एक लागतो. आणि सूर्य डोंगरावर आल्यावर धुक्यातून किरणांचे पट्टे दिसले तर बुंध्याच्या आडून, सूर्य बुंध्यामागे लपवून काढा.

तपासा: निघण्याआधी पडद्यावर फोटो मोठा करून बघा. मजल्यांच्या कडा स्पष्ट आहेत का? लेन्सवर थेंब आहे का? मी एकदा अख्खी सकाळ एका थेंबासह काढली आहे, प्रत्येक फोटोत तिसऱ्या मजल्यावर तोच पुसट गोल.

## ७. चढ

तीन चढ आहेत. पहिला पॅगोड्यानंतर लगेच. दुसरा सगळ्यात खडा. त्याचं टोपणनाव "तेल सांडणारा" अशा अर्थाचं आहे, इतका खडा की दंतकथांतल्या धिप्पाड योद्धा-भिक्षू बेन्केईच्याही हातून तेल सांडलं अशी गोष्ट सांगतात. तिसरा लांब, पण तोवर पाय सरावतात.

चढ फोटोत सपाट का दिसतो? कारण कॅमेरा आपण उताराच्या दिशेने कलवतो आणि तुलनेला काही उरत नाही. उपाय सोपा आहे. बुंधे चौकटीच्या कडेला घ्या आणि ते अगदी उभे राहतील असा कॅमेरा धरा. झाडं सरळ उभी आणि पायऱ्या त्यांना तिरप्या छेदून जाताना दिसल्या की चढ कळतो. ७० ते १०० मिलिमीटरने खालून वर बघितलं तर पायऱ्या एकावर एक रचल्यासारख्या येतात. मोजमापासाठी माणूस हवा. सोबत्याला वीस-तीस पायऱ्या पुढे पाठवा, पाठमोरा, लाल जाकीट असेल तर काढून.

पांढऱ्या कपड्यातले यामाबुशी, म्हणजे डोंगरात साधना करणारे, भेटतील. हातात शंख असतो. दिसताच कॅमेरा रोखू नका. ते कोणासाठी वेष करून आलेले नाहीत. थांबा, वाट द्या, मान झुकवा. बोलता येईल असं वाटलं तर विचारा: "शाशिन ओ तोत्ते मो ईइ देस् का?" फोटो काढला तर चालेल का, एवढाच अर्थ. हात नकारार्थी हलला तर कारण विचारायचं नाही.

पायऱ्यांवर काही ठिकाणी छोटी कोरीव चित्रं आहेत: साकेचा (तांदळाच्या दारूचा) प्याला, भोपळा, कमळ. एकूण ३३, आणि सगळी सापडली तर इच्छा पुरी होते म्हणतात. मला कधी अकराच्या वर सापडली नाहीत. ती बुटाखाली झिजून इतकी उथळ झालीत की कोरड्या दगडावर दिसतच नाहीत. ओला तळवा फिरवला की रेष पाण्याने भरते आणि प्याला वर येतो. तेव्हा काढा फोटो, बाजूने, कॅमेरा जवळजवळ दगडाला टेकवून. वरून काढलात तर नुसता दगड येईल.

दुसऱ्या चढाच्या वर चहाचं दुकान आहे, साधारण एप्रिलअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडं. तिथून पश्चिमेला शोनाईची भातशेती आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्र दिसतो. चिकारा-मोची खा, तांदळाच्या मऊ गोळ्यांवर अझुकी या लाल कडधान्याचं गोड वाटण किंवा भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. पिठाची मागवली तर कॅमेऱ्याला आधी झाकण लावा. ते पीठ फुंकरीने उडतं आणि लेन्सच्या कड्यात जाऊन बसतं. अनुभवाचे बोल आहेत.

सावध: पाऊस वाढला तर उतरण्यापेक्षा चढून जाणं बरं. ओल्या पायऱ्यांवर पाय सटकतो तो उतरताना. माथ्यावरून बस असते. तिचं वेळापत्रक तुमच्याकडे आहेच. स्वच्छतागृहाचा भरवसा पायथ्याला आणि माथ्यावरच धरा.

## ८. माथा, आणि कॅमेरा बंद करायची जागा

माथ्यावर सानजिन गोसाइदेन, तिन्ही डोंगरांच्या देवांचं एकत्र देऊळ. गास्सान आणि युदोनो हिवाळ्यात बंद होतात म्हणून तिघांची पूजा इथे होते. छप्पर गवताचं, जाडी दोन मीटरच्या वर. ती जाडी समोरून कळत नाही. कोपऱ्याला जा, छपराची कापलेली कड आणि खालचं लाल लाकूड एकत्र घ्या.

पण आधी दर्शन. नाणं हळूच टाका, फेकू नका. दोनदा वाका, दोन टाळ्या, हात जोडून मनातलं बोला, मग एकदा वाका. आपल्याकडून होणारी चूक म्हणजे हात जोडून तिथेच रेंगाळणं; मागे रांग असते. आतला भाग गाभारा समजा. आत फोटो नाहीत, पूजा चालू असेल तर दारातूनही नाहीत. फ्लॅश कुठेच नाही.

देवळासमोर कागामी-इके, आरशाचं तळं. पूर्वी यात धातूचे आरसे अर्पण करत. वारा पडला की छपराचं प्रतिबिंब येतं. पाण्याजवळ बसा, खाली वाका, पोलरायझर काढा. नाहीतर तो प्रतिबिंबच पुसेल.

माथ्याजवळच्या साइकान या देवळाच्या धर्मशाळेत शाकाहारी यात्राभोजन मिळतं, पण आधी आरक्षण करून. तिळाचा तोफू चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी युदोनोला जाणार असाल तर एक गोष्ट पक्की करून निघा. तिथे ठरावीक जागेपुढे कॅमेरा बंद, बूट-मोजे काढून अनवाणी, शुद्धीकरण करून मग आत. जुना दंडकच आहे की तिथलं सांगू नये आणि विचारू नये. मोबाईल खिशात ठेवून "चुकून" काढलेला फोटो नको. बंद करून पिशवीच्या तळाशी टाका. गास्सानच्या माथ्यावरच्या देवळाच्या आवारातही कॅमेरा बंदच. युदोनोला आत काय आहे हे मीही इथे लिहिणार नाही.

युदोनोचे फोटो बाहेरच्या मोठ्या लाल तोरीपाशी काढा. त्या कमानीमागे डोंगर उभा दिसतो, ढग खाली आला असेल तर आणखी चांगलं.

## ९. परतल्यावर

आधी सुकवणं. कॅमेरा ओल्या पिशवीत बंद ठेवू नका, बॅटरी आणि कार्ड काढून उघडा ठेवा. बुटांत वर्तमानपत्र कोंबा.

फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढले असतील तर हात आवरा. सावल्या उजळवायची पट्टी ओढायचा मोह होतो. पॅगोड्याखालचा काळोख काळोखच राहू दे. हिरवा रंग वाढवू नका, शेवाळ आधीच पुरेसं हिरवं असतं. वाढवलं की प्लॅस्टिकचं वाटतं. धुकं "काढून टाकणारी" पट्टी तर चुकूनही नको, त्यासाठी पहाटे चारला उठला होतात. उभ्या रेषा सरळ करा, थेंबाचे डाग पुसा, बस.

दोनशेतून दहा निवडा. दहांत पॅगोडा एकदाच. एक ओली पायरी, एक दोर, एक पाठमोरा माणूस, एक छपराची कड. मग घरातल्या कोणाला तरी काही न सांगता दाखवा. "पाऊस होता का रे?" असं विचारलं, तर ते दहा ठेवा. "कुठला कॅमेरा?" असं विचारलं, तर उरलेल्या एकशे नव्वदांत पुन्हा बघा.